गाडीत बसून सिनेमा

सिनेमाला जाताना तुम्ही बरोबर काय काय नेता? तिकिटाचे पैसे, रुमाल, फार तर खिशात लपवलेले खारे शेंगदाणे. हो की नाही? २०२४ सालच्या जून महिन्यात मी एका सिनेमाला गेले, तेव्हा आमच्या गाडीत दोन गोधड्या, तीन उशा, पाच स्वेटर, चार घडीच्या खुर्च्या, डासांसाठी मलम आणि एक ट्रान्झिस्टर एवढं सामान होतं. जणू आम्ही सिनेमाला नाही, आठ दिवसांच्या यात्रेलाच निघालो होतो! मी दशम्याही करणार होते, पण भाचीने आधीच बजावलं, "मावशी, तिथे बाहेरचं खाणं नेण्याचे नियम असतात. तू आपली नुसती चल."

ही माझी भाची अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात राहते. नकाशाचं पुस्तक काढा बघू. न्यूयॉर्क सापडलं? तिथून मोटारीने पश्चिमेकडे साधारण दोन तास गेलं, की अ‍ॅलनटाऊन नावाचं शहर लागतं. त्याच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर ऑरफील्ड नावाचं एक छोटंसं गाव आहे. लहान नकाशात ते दिसायचं नाही, शोधत बसू नका. चढउताराची हिरवी जमीन, मक्याची शेतं, लाल रंगाची मोठमोठी धान्याची कोठारं, जुनी दगडी घरं. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीकडून आलेली शेतकरी कुटुंबं या भागात येऊन राहिली. त्यामुळे दुकानांच्या पाट्यांवर आणि पत्रपेट्यांवर अजून जर्मन वळणाची आडनावं दिसतात. त्यातलंच एक आडनाव शँकवायलर. या आडनावाचा तिथे एक रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर एक मोकळं मैदान आहे. त्या मैदानात १५ एप्रिल १९३४ पासून सिनेमा दाखवतात. छप्पर नाही, भिंती नाहीत, खुर्च्याही नाहीत. आपापली मोटार घेऊन आत जायचं, पडद्याकडे तोंड करून उभी करायची आणि आत बसून सिनेमा बघायचा. याला म्हणतात ड्राइव्ह-इन थिएटर. आणि अमेरिकेत आज शिल्लक असलेल्या ड्राइव्ह-इनमधलं सगळ्यांत जुनं म्हणजे हेच, 'शँकवायलर्स'.

तुमच्यापैकी काहींनी ड्राइव्ह-इन हा शब्द आईबाबांकडून ऐकला असेल. मुंबईत वांद्र्याला पूर्वेच्या बाजूला असं एक थिएटर होतं. २००३ साली ते बंद पडलं. अहमदाबादचं तर पुष्कळ जणांना माहीत असेल, ते १९७३ पासूनचं. वांद्र्याचं चालू होतं तेव्हा मी मुंबईतच होते, पण आमच्याकडे गाडी नव्हती. वर्गातल्या एका मैत्रिणीकडे होती. ती सोमवारी शाळेत येऊन सगळं रंगवून सांगायची आणि मी 'आम्हाला नाही बाई असलं आवडत' म्हणायचे. खरं सांगू? खूप आवडलं असतं. म्हणून भाचीने विचारलं तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. विचार करत होती ती तिची थोरली मुलगी. वय वर्षं तेरा. तिचं म्हणणं असं, की घरी एवढा मोठा टीव्ही आहे, सोफा आहे, मग डास चावून घ्यायला शेतात कशाला जायचं? आठ वर्षांचा धाकटा मात्र दुपारी चारलाच रात्रीचा पायजमा घालून तयार होता. ड्राइव्ह-इनला पायजमा घालूनच जायचं, ही तिथल्या मुलांची फार जुनी चाल आहे. दुसरा सिनेमा संपेपर्यंत बहुतेक जण गाडीतच झोपतात. मग घरी गेल्यावर उचलून थेट अंथरुणात!

आम्ही सातला पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. तिकीटखिडकी बसल्या जागी हात पोचेल अशा उंचीवर होती, त्यामुळे गाडीतून उतरावंच लागलं नाही. आत शिरलो आणि समोर पडदा दिसला. मला वाटलं होतं, पडदा म्हणजे कापड असेल. लहानपणी गणपतीत आमच्या गल्लीत रस्त्याच्या मधोमध पांढरं कापड बांधून सिनेमा दाखवायचे. जागा मिळाली नाही की आम्ही मागच्या बाजूला बसायचो. तिकडून सगळं उलटं दिसायचं, अक्षरंही उलटी, पण सिनेमा तोच. इथला पडदा तसा नव्हता. चांगली भक्कम उभी भिंतच होती ती, पांढऱ्या रंगाने रंगवलेली.

जमिनीकडे पाहिलं तर आणखी एक गंमत. मैदान सपाट नव्हतंच. आपल्याकडे शेतात सरी-वरंबे असतात ना, तसे वरंबे, पण खूप रुंद आणि बुटके. ते पडद्याभोवती धनुष्यासारखे वळलेले. प्रत्येक वरंब्यावर गाडीची पुढची चाकं चढवायची, म्हणजे गाडीचं नाक जरासं वर होतं आणि पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. साधी युक्ती आहे. पण या साध्या युक्तीवर एका माणसाने सरकारकडून पेटंट घेतलं होतं, आणि पुढे त्यावरून कोर्टात मोठं भांडणही झालं!

त्या माणसाचं नाव रिचर्ड हॉलिंग्जहेड. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातला. त्याच्या वडिलांचा मोटारीला लागणाऱ्या पॉलिश वगैरे वस्तू बनवण्याचा धंदा होता. त्याची आई अंगाने चांगली भारदस्त होती आणि थिएटरच्या अरुंद खुर्चीत तिला नीट बसता येत नसे, म्हणून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. कल्पना कशीही सुचली असो, त्याने ती तपासली कशी ते ऐका. घराच्या अंगणात मोटारीच्या बोनेटवर प्रोजेक्टर ठेवला. समोरच्या झाडांना पांढरं कापड ठोकलं. कापडाच्या मागे रेडिओ लावला. मग वेगवेगळ्या अंतरावर गाड्या उभ्या केल्या, त्यांच्या चाकांखाली ठोकळे ठेवून कुठून किती दिसतं ते पाहिलं. पण पाऊस आला तर? (हा प्रश्न गाडीत आमच्या थोरलीनेही विचारला होता, कपाळाला आठ्या घालून.) हॉलिंग्जहेडने बागेला पाणी शिंपडायचं कारंजं आणलं, ते गाडीवर सोडलं आणि आत बसून काचेतून सिनेमा बघितला! दिसतो की! मग मे १९३३ मध्ये त्याने पेटंट मिळवलं आणि ६ जून १९३३ रोजी कॅमडेन गावाजवळ जगातलं पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं. दर असा, की गाडीचे २५ सेंट, माणशी २५ सेंट, आणि गाडीत कितीही माणसं कोंबली तरी एक डॉलरच्या वर नाही.

त्या वेळी अमेरिकेत भयंकर मंदी होती. कारखाने बंद पडत होते, लाखो लोकांना काम नव्हतं. अशा दिवसांत लोक सिनेमाला कसे जात, असं तुम्हाला वाटेल. पण मोटार मात्र तिथे तोवर अनेक साध्या घरांत पोचलेली होती. सिनेमासाठी चांगले कपडे घालायला नकोत, मुलं सांभाळायला कुणाला पैसे द्यायला नकोत, ही मोठीच सोय होती.

आता ऑरफील्डचे विल्सन शँकवायलर. ते हॉटेल चालवत आणि त्यांना सिनेमाचं वेड होतं. हॉलिंग्जहेडचं थिएटर त्यांच्या गावापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. ते जाऊन बघून आले आणि वर्षभराच्या आत आपल्या जमिनीवर त्यांनी दोन खांब रोवले, मध्ये पडदा ताणला, टेबलावर प्रोजेक्टर ठेवला आणि खेळ सुरू केला. देशातलं हे दुसरं ड्राइव्ह-इन मानलं जातं. गंमत बघा, पहिलं ड्राइव्ह-इन तीन वर्षांच्या आतच बंद पडलं. हॉलिंग्जहेडला त्यात पैसा मिळेना. त्याचं पेटंटही पुढे १९४९ साली कोर्टाने रद्द ठरवलं. थिएटरात खुर्च्या चढत्या लावतात तशाच या गाड्या लावल्यात, त्यात नवा शोध तो काय, अशा अर्थाचा तो निकाल होता. आणि टेबल-खांबांवर सुरू झालेलं दुसरं मात्र टिकलं. २०२४ मध्ये त्याला नव्वद वर्षं पूर्ण झाली.

पण आवाजाचं काय? ही सगळ्यांत मोठी अडचण होती आणि तिच्यात तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं एक गणित दडलंय. सुरुवातीला आवाजाचे मोठे कर्णे पडद्याजवळ असत. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समजा, तुमची गाडी पडद्यापासून १७० मीटरवर आहे. मग आवाज पोचायला किती वेळ? अर्धा सेकंद. प्रकाश मात्र जवळजवळ त्याच क्षणी पोचतो. म्हणजे पडद्यावर नायकाचे ओठ आधी हलणार आणि बोल अर्ध्या सेकंदाने येणार! खलनायकाला ठोसा बसून तो खाली पडायला लागला की मग 'धाड्!' मागच्या रांगेतल्यांची करमणूकच. शिवाय सगळ्या गावाला फुकटात संवाद ऐकू जायचे ते वेगळंच. झोपमोड होणारे शेजारी तक्रार करायचे.

यावर उपाय म्हणून प्रत्येक गाडीसाठी छोटा वेगळा स्पीकर आला. दोन गाड्यांच्या मध्ये एक खांब, खांबावर स्पीकर अडकवलेले. काच खाली करून आपला स्पीकर काचेला टांगायचा. तारेतून वीज धावते, त्यामुळे शेवटच्या गाडीलाही आवाज वेळेवर. शँकवायलर्समध्ये हे स्पीकर १९४८ साली आले. आणि १९८६ मध्ये त्यांनी तारांनाही सुट्टी दिली. तेव्हापासून सिनेमाचा आवाज तिथल्या तिथे एका छोट्या एफएम केंद्रावरून सोडतात. गाडीतला रेडिओ त्या आकड्यावर लावला की झालं. आम्ही ट्रान्झिस्टर नेला होता तो याचसाठी. गाडीचा रेडिओ तासन् तास चालू ठेवला तर बॅटरी उतरते, असं भाचीला कुणी तरी सांगितलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

साडेआठ वाजून गेले, तरी अंधार पडायचं नाव नाही. जूनमध्ये तिकडे दिवस लांबलचक. त्यात उन्हाळ्यात जवळजवळ सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे करतात. १९६६ साली तसा कायदाच झाला. आणि ड्राइव्ह-इनवाल्यांच्या दृष्टीने हे संकट होतं, बरं का! जो खेळ आठला सुरू व्हायचा तो नऊला. मग दुसरा सिनेमा संपायला मध्यरात्र उलटणार. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असलेली माणसं कशी येणार? घड्याळाचा काटा सरकवल्याने एखादा धंदा धोक्यात येऊ शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

तोवर पडद्यासमोरच्या गवतावर मुलांचा नुसता धुडगूस चालला होता. चेंडू, उडत्या तबकड्या, पकडापकडी. धाकटा पायजम्यासकट त्यात कधीच सामील झाला होता. काहींनी गाड्या उलट्या लावून डिक्या उघडल्या होत्या आणि आत गाद्या पसरून मस्त लोळत होते. पॉपकॉर्नचा वास सगळीकडे भरून राहिला होता. मैदानाच्या मधल्या बैठ्या इमारतीत एकीकडे प्रोजेक्टरची खोली आणि दुसरीकडे खाण्याचा गाळा. तुम्हाला वाटेल, थिएटर तिकिटांवर चालतं. तसं नाही. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा सिनेमा पुरवणाऱ्या कंपनीकडे जातो. थिएटर जगतं ते पॉपकॉर्न, सॉसेजचे पाव आणि थंड पेयांवर. म्हणून तर दशम्यांना बंदी!

पावणेनऊच्या सुमाराला आमच्यावर पहिलं संकट आलं. सगळ्यांनी गाड्यांचे दिवे बंद केले, पण आमच्या जावयांच्या नव्या गाडीचे पुढचे दिवे बंदच होईनात. हल्लीच्या काही गाड्यांत ते आपोआप लागतात. जावईबापूंनी सगळी बटणं दाबून पाहिली. पाणी उडालं, मागचा वायपर फिरला, दिवे काही जाईनात. समोरच्या गाडीतली माणसं माना वळवून बघायला लागली. थोरली मान खाली घालून आसनात इतकी घसरली, की दिसेनाशी झाली. तेवढ्यात शेजारच्या उघड्या मालगाडीसारख्या पिकअपमधून एक आजोबा उतरले. पंचाहत्तरीच्या पुढचे असतील. एक शब्द न बोलता त्यांनी स्वतःची जाडजूड घोंगडी आमच्या बोनेटवरून खाली सोडली. दिवे झाकले गेले. मग म्हणाले, "काळजी करू नका, रोज एक तरी गाडी अशी असतेच."

आजोबा गप्पिष्ट निघाले. मी त्यांना सांगितलं, की मी साठी ओलांडली तरी आयुष्यात पहिल्यांदाच ड्राइव्ह-इनला आलेय. ते म्हणाले, की ते पहिल्यांदा आले तेव्हा चालतासुद्धा येत नव्हतं. शनिवारी सगळी भावंडं मागच्या सीटवर, पायजम्यात. एकदा त्यांचे वडील खेळ संपल्यावर काचेला टांगलेला स्पीकर काढायचा विसरले आणि तसेच निघाले. तार तुटली आणि स्पीकर घरी आला! दुसऱ्या दिवशी आईने परत द्यायला लावला. अशी ही फजिती पुष्कळांची व्हायची म्हणे. जुन्या ड्राइव्ह-इनच्या मालकांना दरवर्षी असे तुटलेले स्पीकर दुरुस्त करावे लागत.

मी विचारलं, "पण हा पडदा नव्वद वर्षांचा वाटत नाही." ते हसले. १९५५ सालच्या ऑगस्टमध्ये 'डायॅन' नावाचं चक्रीवादळ इकडे आलं होतं. पेनसिल्व्हानियाच्या पूर्व भागात नद्यांना महापूर आले, पुष्कळ माणसं दगावली. त्या वादळात शँकवायलर्सचा पडदा मोडून पडला, प्रोजेक्टरच्या इमारतीचीही दैना झाली. आजोबा तेव्हा पहिली-दुसरीत होते. ती पावसाची रात्र त्यांना अजून आठवते. पण मालकांनी नवी इमारत बांधली आणि नवा पडदा पहिल्यापेक्षा रुंद उभारला. कारण तोवर सिनेमास्कोप हा रुंद चित्रांचा प्रकार आला होता. मोडलंच आहे, तर नव्या मापाचं करू, असा हिशेब!

ते दिवस ड्राइव्ह-इनच्या भरभराटीचे होते. दुसरं महायुद्ध संपलं, शहरांबाहेर नवी घरं झाली, घरोघरी गाड्या आणि लहान मुलं आली. १९५८ च्या सुमाराला अमेरिकेत चार हजारांहून जास्त ड्राइव्ह-इन होती. पडद्याखाली झोपाळे आणि घसरगुंड्या असत. सगळंच छान होतं असं मात्र समजू नका. दक्षिणेकडच्या राज्यांत काही ठिकाणी काळ्या लोकांच्या गाड्यांना वेगळ्या बाजूला उभं करत, काही ठिकाणी आतच घेत नसत. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा कुंपणं घालणारी माणसं असतात.

मग उतरती कळा लागली. रंगीत टीव्ही घरात आला. १९७३ नंतर पेट्रोल महागलं. पुढे व्हिडिओ कॅसेटी आल्या. पण सगळ्यांत मोठं कारण पायाखाली होतं, जमीन! शंभर-दोनशे गाड्यांसाठी केवढी जागा लागते, विचार करा. आणि ती वापरायची फक्त रात्री, तेही बहुतेक ठिकाणी फक्त उन्हाळ्यात. तिथे दुकानांचा बाजार बांधला तर दिवसरात्र पैसा. एकेक करून पडदे उतरले. आज साऱ्या अमेरिकेत जेमतेम तीनशेच्या आसपास ड्राइव्ह-इन उरली आहेत. ऑरफील्डच्या आसपास तर गेल्या काही वर्षांत प्रचंड गोदामं उभी राहिली आहेत. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दोन्ही शहरं जवळ, म्हणून माल साठवायला ही जागा सोयीची. येताना रस्त्यात आम्हाला ती लांबच लांब पांढरी गोदामं लागली होती. एकेकाचा आकार एखाद्या खेड्याएवढा. त्यांना जमीन हवी असते. आणि रात्रभर त्यांचे दिवे जळतात. सिनेमाला तर अंधार हवा असतो!

शेवटचा मोठा घाव बसणार होता तो २०१३ च्या आसपास. तोवर सिनेमा म्हणजे रिळं. ३५ मिलिमीटर रुंदीची लांबच लांब फिल्म, सेकंदाला २४ चित्रं. सिनेमा कंपन्यांनी ठरवलं, की यापुढे रिळं पाठवायची नाहीत, सिनेमा संगणकाच्या डिस्कवरच येणार. नवा डिजिटल प्रोजेक्टर घ्यायचा तर सत्तर-ऐंशी हजार डॉलर. उन्हाळ्यापुरता धंदा करणाऱ्या माणसाने ते आणायचे कुठून? पुष्कळांनी त्याच वर्षी कुलूप लावलं. शँकवायलर्सने नवं यंत्र बसवलं. २०२० मध्ये करोनाची साथ आली, बंदिस्त थिएटरं बंद झाली आणि अचानक सगळ्यांना ड्राइव्ह-इनची आठवण झाली. आपापल्या गाडीत बसायचं, कुणाचा श्वास कुणाला लागायचा नाही! कितीतरी शाळांनी आपला निरोप समारंभसुद्धा ड्राइव्ह-इनच्या मैदानात केला. २०२२ मध्ये एका तरुण जोडप्याने शँकवायलर्स विकत घेतलं. जागा विकून मोकळं होण्यापेक्षा, सिनेमाच चालवील असं कुणी तरी आधीच्या मालकांना हवं होतं म्हणे.

नऊ वाजले. आकाश अजून जांभळं होतं, पण पडद्यावर चित्र उमटलं. एकदम सगळी मुलं आपापल्या गाड्यांकडे पळाली. आणि तेवढ्यात गवतातून काजवे वर यायला लागले. एक, दोन, दहा, शेकडो. पडद्यावर एक कार्टूनपट आणि त्याच्या खाली ही हिरवी-पिवळी उघडझाप. मी किती तरी वेळ काजवेच बघत होते. सिनेमाची गोष्ट विचारू नका, अर्धीच कळली. थोरलीने कधी तरी कानातली यंत्रं काढून ठेवली होती आणि गोधडी घेऊन ती चक्क गाडीच्या टपावर जाऊन बसली होती. तिची आई ओरडणार होती, पण जावयांनी खुणेने थांबवलं.

मध्यंतरात ट्रान्झिस्टर बंद पडला. धाकट्याने संध्याकाळभर त्यावर गाणी ऐकली होती, सेल संपले. मग गाडीचा रेडिओ लावला. एका तिकिटात दोन सिनेमे ही इथली जुनी रीत, त्यामुळे दुसरा सिनेमाही त्याच रेडिओवर ऐकला. धाकटा पहिल्या दहा मिनिटांत झोपला. मला मात्र झोपायचं नव्हतं. दहिवर पडायला लागलं होतं, काचा धूसर झाल्या होत्या. शाळेतली ती मैत्रीण मला सारखी आठवत होती. आता ती कुठे असते, कोण जाणे.

खेळ संपला तेव्हा साडेबारा वाजले होते. एकेक गाडी सुरू झाली, एकेक दिवा लागला. आमची गाडी? किल्ली फिरवली, तर नुसतं 'कट्' झालं. बॅटरी उतरली होती. मघाचं वाक्य आठवलं ना? जावईबापू कपाळाला हात लावून बसले. आणि पुन्हा शेजारच्या पिकअपचं दार उघडलं. आजोबांनी मागून लाल-काळ्या जाड तारांचं वेटोळं काढलं. त्यांच्या बॅटरीची वीज आमच्या बॅटरीला जोडून गाडी सुरू करायची ही तार. थोरली टपावरून उडी मारून खाली आली आणि तिने बॅटरी धरली. म्हणजे टॉर्च हो! लाल तार कुठे, काळी कुठे, आधी कुठली लावायची, सगळं तिने आजोबांना विचारून घेतलं. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन धडधडलं. आजोबांनी हात हलवला आणि ते निघून गेले.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. धाकट्याला उचलून थेट अंथरुणात ठेवलं, पायजमा होताच अंगावर. सकाळी सामान काढायला डिकी उघडली तर आत ती जाडजूड घोंगडी! दिवे झाकलेली, आजोबांची. गडबडीत आम्हीच ती घडी करून टाकली होती. ना त्यांचं नाव माहीत, ना पत्ता. थोरलीने ती अंगणात दोरीवर वाळत घातली आणि चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की घोंगडी परत द्यायला येत्या शुक्रवारी पुन्हा जावं लागणार, नाइलाज आहे, आणि या वेळी ट्रान्झिस्टरला कुणीही हात लावायचा नाही.